ज्वालामुखींवर अखंड पहारा हवा

महोदय,

पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर ज्या काळ्या कातळावर उभे आहेत, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तो केव्हाच थंडावल्यामुळे ज्वालामुखी हा विषय आपल्याला परका वाटतो. मात्र २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बीचा उद्रेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची राख भारताच्या आकाशात पोहोचून विमानसेवा विस्कळीत झाली.

१९८५ मध्ये कोलंबियातील नेव्हादो देल रुइझच्या धोक्याचा नकाशा आधीच तयार असूनही आर्मेरो गाव वेळेत रिकामे केले गेले नाही आणि २० हजारांहून अधिक माणसे उद्रेकामुळे आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात गाडली गेली. याउलट १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोचे भूकंप आणि त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड शास्त्रज्ञांनी सतत मोजल्यामुळे लोकांना वेळीच हलवता आले आणि हजारोंचे प्राण वाचले. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी तासातासाला पाहणाऱ्या कोल्हापूरकरांना या मोजणीचे मोल वेगळे सांगायला नको.

अंदमानातील बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. तेथे मनुष्यवस्ती नसली, तरी तेथील भूकंप, वायू आणि तापमान यांच्या नोंदी शाळा-महाविद्यालयांना रोजच्या रोज, मराठीतून पाहता याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, कोल्हापूर