छातीतल्या कळेला पित्त म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या निधनवार्तांच्या पानावर ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’ ही ओळ आता जवळपास रोज असते. पूर्वी तिच्याशेजारी सत्तरी-पंचाहत्तरीचं वय असायचं. हल्ली 48, 42, कधी 36 असतं, आणि मागं शाळेत जाणारी दोन लेकरं. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. मला ते जमेनासं झालंय. का, ते सांगायला हे पत्र.

मी 26 वर्षांपासून जिंतूरला मेडिकल चालवतो. तीन वर्षांपूर्वीची पौषातली संध्याकाळ. ओळखीतले एक शेतकरी हरभऱ्याला पाणी देऊन परस्पर दुकानावर आले. वय 46. पायाला ओला चिखल, कपाळावर घाम. छातीच्या मधोमध तळहात दाबून म्हणाले, “भाऊ, पित्त लई खवळलंय बघा. डावा हातबी भरून आल्यावानी झालाय. एखादी जालीम गोळी द्या.” मी पित्ताच्या गोळ्यांचा पत्ता दिला, सोड्याची पुडी दिली. सुटे नव्हते, दहा रुपये उद्या देतो म्हणाले. रात्री अकराला गेले.

पौषाच्या थंडीत या माणसाला घाम का फुटलाय, हे मी विचारलं नाही. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, मी पत्ता कापला आणि दिला. त्यांनी स्वतःच पित्त म्हटलं होतं, ही सबब मी खूप दिवस स्वतःला सांगून पाहिली. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला ती शोभत नाही.

आपल्याकडं छातीत काही झालं की पहिलं नाव पित्ताचं, दुसरं गॅसचं. मग ओवा, सोडा, पाठीला तेल, आणि ‘सकाळी बघू’. छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं होणं, कळ हातात, जबड्यात, पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ, यांतलं काहीही अचानक सुरू झालं आणि पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही, तर तो हृदयाचा झटका समजूनच निघायला हवं. शुगरच्या पेशंटला तर कधी कधी छातीत दुखतही नाही. बायकांचंही तसंच. नुसता थकवा, धाप, पाठदुखी असते, आणि घरातलं सगळं उरकल्याशिवाय त्या बोलत नाहीत.

घाई कशासाठी? झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते आणि पुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरायला लागतो. मेलेला स्नायू परत उगवत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन 12 तासांपर्यंत देता येतं, पण खरा गुण पहिल्या एक-दोन तासांत. आमच्याकडून नांदेड किंवा संभाजीनगर गाठायला दोन-तीन तास जातात. म्हणजे ज्यानं घरी सोडा पिऊन तीन तास घालवले, त्याच्या हातात काय उरलं? म्हणून आधी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायचा. तिथं इंजेक्शनची सोय असेल तर ते घ्यायचं आणि मग पुढं अँजिओप्लास्टीला, म्हणजे बंद रक्तवाहिनी फुग्यानं उघडून घ्यायला. जाताना मोटारसायकलवर मधे बसवून न्यायचं नाही, 108 ला फोन लावायचा. ती गाडी फुकट असते. खर्चाच्या धास्तीनं घरात बसून राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात.

‘आम्ही रानात राबणारी माणसं, आम्हाला कशाचा झटका’ हे मी रोज ऐकतो. पण आता रानापर्यंत मोटारसायकल जाते, नांगरट ट्रॅक्टर करतो. आणि जो खरंच राबतो त्याच्याही गालात तंबाखू असतेच. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो एवढंच लोकांना माहीत आहे. ती नाडी आणि बीपी वाढवते, रक्तवाहिन्या खराब करते, हे कुणी सांगत नाही. बायकांच्या मिश्रीचंही तेच. राज्यात गुटखाबंदी 2012 ला झाली, तरी पुड्या कुठं मिळतात ते शाळेतल्या पोराला विचारा. 52 देशांतल्या रुग्णांवरचा ‘इंटरहार्ट’ हा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, असं त्यात दिसलं. आणि बहुतेक धोका तंबाखू, बीपी, मधुमेह, रक्तातली चरबी, सुटलेलं पोट, ताण अशा ओळखीच्याच कारणांतून. नापिकी आणि कर्जाच्या ताणावर माझ्याकडं गोळी नाही, पण बाकीच्यांवर उपाय आहे.

काउंटरवरून मला सगळ्यात जास्त दिसते ती बीपीच्या गोळीची हेळसांड. महिन्याची गोळी लिहिलेली असते आणि माणूस म्हणतो, दहाच द्या. मी कात्रीनं पत्ता कापतो. दहा संपल्या की दोन महिने पत्ता नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “बीपी नॉर्मल आली, मग बंद केली.” अहो, ती गोळीमुळंच नॉर्मल आली होती! दुसरी भीती अशी की एकदा सुरू केली की जन्माची लागते. चष्मा जन्माचा लागतोच की. स्टेन्ट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्यांचं तर फार वाईट वाटतं. रक्त पातळ करायची गोळी मनानं सोडून मोबाइलवर आलेला पिंपळाच्या पानांचा काढा सुरू करतात. त्या काढ्यानं ब्लॉकेज उघडत नाही, पण गोळी थांबल्यानं स्टेन्टमध्येच गुठळी होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एक दिवसही चुकवू नका.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. तिशीपुढच्या प्रत्येकाला तपासायचं हा सरकारचाच कार्यक्रम आहे, आशाताई त्यासाठी घरोघर फॉर्म भरतात. माझं गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, तिथं जा. बाकी ज्वारीची भाकरी सोडू नका, पण रोजचा पापड, लोणचं, वरून घेतलेलं मीठ आवरा. दिवसाला 5 ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचा मीठ पुरे, भाजी-वरणातलं धरून.

त्या पौषानंतर मी काउंटरवर बीपीचं मशीन ठेवलंय. पित्ताची गोळी मागणाऱ्याला आधी विचारतो, कुठं दुखतंय, घाम आलाय का, हात भरून आलाय का. या तीन वर्षांत चौघांना गोळी न देता दुकानातूनच रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं. एकाला खरंच पित्त होतं. तिघांचा ईसीजी बिघडलेला निघाला. ते तिघं आज बाजाराच्या दिवशी भेटतात.

शासनाकडं माझी मागणी एकच. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतलं ईसीजी मशीन आणि ते रात्रीही लावणारा माणूस हवा. कागद वाचायला तज्ज्ञ तिथंच पाहिजे असं नाही, फोटो मोबाइलवरून जिल्ह्याच्या डॉक्टरांना दोन मिनिटांत जातो. आणि आपल्याला एक विनंती. निधनवार्तांच्या रकान्याशेजारी रोज चार ओळींची चौकट टाका: छातीत दाब, घाम, हातात कळ, धाप, पित्त समजू नका, 108 लावा. ते पान आमच्याकडं घरोघर वाचलं जातं.

आपला,
एक औषध दुकानदार,
जिंतूर, जि. परभणी