काळी पट्टी कोणासाठी?

अल्पवयीन मुलींचे लैंगिक शोषण करणारा अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्या तपासाची कागदपत्रे खुली झाल्याची बातमी वाचली. पानेच्या पाने काळ्या पट्ट्यांखाली झाकलेली पाहून संताप आला. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी सही झालेल्या अमेरिकी कायद्यानुसार पीडितांची ओळख झाकता येते. कोणाची बदनामी किंवा राजकीय अडचण हे कारण मात्र चालत नाही. २००७ मध्ये फ्लोरिडातील केंद्रीय सरकारी वकिलांनी एपस्टीनशी गुपचूप समझोता केला, पीडित मुलींना कळवलेही नाही. पुढे शिक्षा भोगतानाही तो आठवड्यातले सहा दिवस तुरुंगातून कार्यालयात जाई! त्या समझोत्याचा सारा पत्रव्यवहार पट्टीविना वाचता आलाच पाहिजे. झाकायची तर त्या मुलींची नावे झाका. त्यांतल्या काही तेव्हा अवघ्या १४ वर्षांच्या होत्या.

– एक वाचक, सातारा