बायपासच्या साइटवरच्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. रामबागेत घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही पोह्यांची बशी पुढे केली असती आणि विषय स्लॅबच्या क्युरिंगवर, म्हणजे पाणी मारून तो पक्का करण्यावर, नेला असता.

सकाळी हजेरी घेताना तुम्ही प्रत्येक मजुराला एक जादा प्रश्न विचारायचात, “रात को नींद हुई?” कुणी म्हणालं चक्कर येते, पोर रात्रभर तापात होतं, की त्याला त्या दिवशी परांचीवर चढवायचं नाही. खाली सळया कापायला बसवायचं, आणि दिवसाचा रोज अख्खा. बाकीच्यांना हे लाड वाटायचे. पण रोज कापला जाणार असेल तर ताप आहे हे सांगेल कोण? माणूस गोळी गिळून चौथ्या मजल्यावर चढतो. कमरेला सेफ्टी बेल्ट असतो, हुक अडकवायचा राहतो. सुरुवातीला निम्म्या साइटला चक्कर येऊ लागली, हेही खरं! “परीक्षा घेतायत आपली,” एवढंच म्हणालात. घेऊन झाली, मग कुणी खोटं बोललं नाही.

आपले बहुतेक मजूर झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी. होळीआधीच्या आठवड्यात त्यांचा भगोरिया मेळा भरला की ते गावी जाणारच. कुठे मजुरी अडकवून त्यांना थांबवतात, कुठे शिव्या घालतात. तुम्ही स्लॅबची तारीखच होळीनंतरची धरलीत आणि निघायच्या आदल्या दिवशी हिशेब चुकता केलात. माणसं परतली, येताना भाऊबंदही घेऊन आली.

आधीच्या एका साइटवर बायकांसाठी संडासच नव्हता. मी दिवसभर पाणी प्यायचं टाळायची, तगाऱ्या वाहणाऱ्या बायाही तेच करायच्या, तेही मे महिन्यात. तुमच्याकडे पाया खोदायच्या आधी संडास उभा राहिला, आतून कडी लागणारा. पाळणाघराचं तसंच. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात तेव्हा त्याची सक्ती पन्नासहून जास्त बायका असतील तिथेच होती; आपल्याकडे तेवढ्या कुठल्या? तरी सिमेंटच्या गोदामाशेजारी पत्र्याची खोली झाली, आणि पोरं वाळूच्या ढिगावरून आत आली.

मार्चअखेरीच्या बिलांत मी रात्र-रात्र जागत होते, तेव्हा तो हजेरीचा प्रश्न तुम्ही मलाही विचारलात. इंजिनिअरला कुणी विचारत नाही, काका. रडूच आलं. तुम्ही मला घरी पाठवलंत आणि मालकांशी स्वतः बोललात. ते काय बोलणं झालं, अजून कळलेलं नाही.

आता इथे इंदुरातच सुपर कॉरिडॉर रस्त्याकडच्या कामावर हजेरी मी घेते. प्रश्न तोच. खाली बसवलेल्यांना अख्खा रोज कशाला, असं इथले ठेकेदार विचारतात. त्यांना तुमचा नंबर दिला आहे. दुपारी झोपायच्या वेळेला फोन आला तर रागावू नका, जरा सविस्तर सांगा.

तुमची,
साइटवरची पोरगी
इंदूर