नमुन्याच्या प्रवासाची नोंद रिपोर्टवर हवी

माननीय संपादक,

महोदय,

पावसाळा तोंडावर आला आहे आणि बडोद्यातल्या दवाखान्यांत लवकरच तापाच्या रुग्णांची रीघ लागेल. डॉक्टर डेंग्यूची, चिकुनगुन्याची, क्वचित फ्लूची तपासणी लिहून देतील, लॅबचा माणूस घरी येऊन नमुना घेऊन जाईल, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येईल आणि त्यावरचा ‘निगेटिव्ह’ हा शब्द वाचून घरातली मंडळी निश्चिंत होतील. मी या शहरातल्या प्रयोगशाळांत एकतीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्या अनुभवावरून सांगतो, की नमुना शरीरातून निघाल्यापासून यंत्रात जाईपर्यंत किती तास गेले आणि त्या तासांत तो कोणत्या तापमानाला होता हे ठाऊक नसेल, तर त्या ‘निगेटिव्ह’वर किती विसंबावे हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. रिपोर्टवर ‘नमुना घेतल्याची वेळ’ असा रकाना असतो, पण तिथे पुष्कळदा संगणकात नोंद केल्याची वेळ आपोआप उमटलेली मी पाहिली आहे. तापमानाचा तर उल्लेखच नसतो.

डेंग्यू, चिकुनगुन्या, इन्फ्लूएंझा, कोरोना हे सगळे आरएनए विषाणू आहेत, म्हणजे त्यांची आनुवंशिक माहिती डीएनएत नसून आरएनए या रेणूत असते. पीसीआर तपासणीत आपण विषाणू पाहत नाही, त्याच्या आरएनएचा एक तुकडा शोधतो, आणि हा आरएनए डीएनएच्या मानाने फार नाजूक असतो. त्याला तोडणारी रायबोन्यूक्लिएज नावाची विकरे (एन्झाइम) आपल्या रक्तपेशींत, लाळेत, बोटांच्या कातडीवरसुद्धा असतात. नमुना काढल्यानंतर त्यातल्या पेशी फुटू लागल्या की ही विकरे मोकळी होतात आणि आपले काम सुरू करतात. थंडीने ती नष्ट होत नाहीत, फक्त मंदावतात. म्हणूनच घशाचा किंवा नाकाचा स्वॅब २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवून सुमारे ७२ तासांत तपासावा आणि त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांखाली गोठवावा, असा प्रघात जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. ज्या गुलाबी द्रवात हा स्वॅब बुडवतात त्या व्हीटीएममध्ये क्षार, प्रथिने आणि जिवाणू-बुरशी रोखणारी औषधे असतात, तरीही नळी उन्हात राहिली आणि आत जिवाणू वाढले तर तो द्रव आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो. बडोद्यात मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत काय होत असेल ते निराळे सांगायला नको.

इथे एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते, कारण या विषयात अतिशयोक्ती लवकर होते. दोन तास उन्हात राहिलेला प्रत्येक नमुना वाया जातो असे नाही. ज्या रुग्णाच्या घशात विषाणू भरपूर आहे, त्याचा नमुना बराच हलगर्जीपणा सोसतो. पीसीआरच्या प्रत्येक आवर्तनात शोधलेला तुकडा साधारण दुप्पट होतो, त्यामुळे मूळ आरएनए एक दशांशावर आला तर यंत्राला खूण पटायला सुमारे ३.३ आवर्तने जास्त लागतात. चोविसाव्या आवर्तनाला पॉझिटिव्ह येणारा नमुना अशा वेळी सत्ताविसाव्याला येईल आणि रिपोर्टमध्ये काहीच फरक पडणार नाही. पण जो नमुना छत्तिसाव्या आवर्तनाला जेमतेम दिसला असता, तो चाळीस आवर्तनांच्या मर्यादेशी जाऊन ठेपतो आणि सहज निगेटिव्ह ठरतो. आजाराची सुरुवात, आजाराचा शेवट, वरवर घेतलेला स्वॅब, लहान मुलाचा अपुरा नमुना हे सगळे या काठावरचे असतात, आणि डॉक्टरांना खरी शंकाही नेमकी याच रुग्णांबद्दल असते.

२०१५ च्या सुरुवातीला गुजरातेत स्वाइन फ्लूची मोठी साथ आली होती, तेव्हाचा एक प्रसंग मी विसरू शकलेलो नाही. मी ज्या प्रयोगशाळेत होतो तिथे एका मध्यमवयीन गृहस्थांचा स्वॅब शुक्रवारी संध्याकाळी आला. तपासणीची बॅच सोमवारी लागणार होती, म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने तो घरगुती फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवला. शनिवारी दुपारी काही तास वीज गेली. तो फ्रीझर आपोआप बर्फ काढणाऱ्या जातीचा होता; असे फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून स्वतःच गरम होतात, म्हणजे वीज गेली नसती तरी तो नमुना थोडाफार वितळून पुन्हा गोठलाच असता, आणि प्रत्येक वितळण्यागणिक विषाणूचे कवच फुटून आरएनए उघडा पडतो. उणे वीस अंश म्हणजे भरपूर थंड, हा आमच्यातल्या अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात तीन दिवसांसाठी साधा फ्रिजचा कप्पा त्याहून बरा ठरला असता. सोमवारी रिपोर्ट निगेटिव्ह गेला आणि त्या गृहस्थांचे ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचे औषध बंद झाले. बुधवारी श्वास लागल्यामुळे त्यांना दाखल करावे लागले, तेव्हा घेतलेला ताजा स्वॅब त्याच दिवशी तपासला आणि तो स्पष्ट पॉझिटिव्ह आला. दुसरा स्वॅब अधिक नीट घेतला गेला असेल हेही शक्य आहे, त्यामुळे सगळा दोष त्या फ्रीझरवर मी टाकत नाही. परंतु पहिल्या रिपोर्टवर ‘नमुना तीन दिवस जुना, एकदा वितळलेला’ एवढी एक ओळ असती तर त्या डॉक्टरांनी औषध थांबवले नसते, याची मला खात्री आहे. त्या रिपोर्टवर सही माझी होती.

चांदिपुरा विषाणूच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या चांदिपुरा गावी सापडलेला हा विषाणू वाळूमाशीच्या चाव्यातून मुलांना होतो आणि मेंदूज्वराने एक-दोन दिवसांत मूल दगावू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ८२ दगावले आणि चांदिपुरा निश्चित ठरले ते ६४, बहुतेक आपल्या गुजरातेतले. उरलेल्यांनाही तोच आजार होता असे मी अजिबात म्हणत नाही, कारण मेंदूज्वराला कारणे पुष्कळ असतात. परंतु चांदिपुरात प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने) तयार व्हायलाही वेळ मिळत नाही, त्यामुळे निदानाचा भार बहुतांशी पीसीआरवर, म्हणजेच नमुना किती जपला यावर पडतो.

त्यात पाठीतल्या पाण्याची, म्हणजे सीएसएफची, एक खास अडचण आहे आणि तिची जाणीव तालुक्याच्या ठिकाणी कमी आढळते. मुलाच्या पाठीतून मिळणारे पाणी एक-दोन मिलिलिटरच असते आणि त्यातून जिवाणू व विषाणू दोन्ही शोधायचे असतात. जिवाणूंच्या कल्चरसाठीचे, म्हणजे ते वाढवून ओळखण्यासाठीचे, पाणी फ्रिजमध्ये ठेवायचे नसते, कारण मेनिन्जायटिसचे (मेंदूच्या आवरणाच्या दाहाचे) काही जिवाणू थंडीने मरतात, तर विषाणूसाठीचे पाणी लगेच थंड करावे लागते. सगळे पाणी एकाच नळीत घेतले तर पुढे त्या नळीचे काहीही करा, एक तपासणी बिघडतेच. त्यामुळे खाटेपाशीच दोन-तीन नळ्या घेऊन त्यावर खुणा करणे आणि त्या वेगवेगळ्या पाठवणे हाच उपाय आहे. दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूर इथली आजारी मुले बडोद्यालाच येतात. कधी मूल येण्याआधी त्याचा नमुना येतो, आणि तो कसा आला हे विचारण्याची सवय आपल्याकडे लागली पाहिजे. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे कोरड्या बर्फात पाठवायचा असेल तर नळीचे झाकण घट्ट हवे, नाहीतर त्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड आत शिरून द्रव आम्लधर्मी करतो. बाहेरचा डबा मात्र हवाबंद करू नये, वायूच्या दाबाने तो फुटतो.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल वाचकांनी उगाच घाबरू नये. डेंग्यूची आयजीएम प्रतिपिंडे पुरेशी टिकाऊ असतात आणि सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, वेळेवर वेगळे करून थंड ठेवले तर काही दिवस टिकतात. तिथली चूक वेगळी असते: गोठलेल्या जेल पॅकला रक्ताची नळी चिकटून राहिली की तांबड्या पेशी फुटतात, आणि असे फुटलेले लालसर सीरम पीसीआरलाही अडथळा करते. नळी आणि पॅक यांच्यामध्ये कापडाची किंवा पुठ्ठ्याची घडी असली तरी पुरते.

नमुना बिघडला तर यंत्राला कळत नाही का, असे मला अनेकांनी विचारले आहे. तपासणीत माणसाच्या एका जनुकाची सोबत पडताळणी होते, पण ती प्रामुख्याने स्वॅबला मानवी पेशी लागल्या की नाही एवढेच सांगते. मानवी डीएनए टिकून राहतो आणि विषाणूचा आरएनए गेलेला असतो, असे सहज घडू शकते. लसीच्या कुपीवर उष्णता लागल्याचे दाखवणारा रंग बदलणारा चौकोन असतो, त्यामुळे आपल्या आशाताई आणि नर्सताई एका नजरेत कुपी बाद करतात. नमुन्याच्या नळीवर तसे काही नाही.

हे करणे आपल्या देशाला जमत नाही असेही नाही. पोलिओ निर्मूलनाच्या काळात लुळेपणा आलेल्या प्रत्येक मुलाच्या शौचाचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतराने, लक्षणे दिसल्यापासून चौदा दिवसांच्या आत घेऊन बर्फात ठेवून पाठवले जात. प्रयोगशाळेत डबा उघडताना आत बर्फ शिल्लक आहे का याची नोंद होई. शिवाय अशा नमुन्यांपैकी किमान दहा टक्क्यांत पोलिओखेरीज आतड्यांतले इतर विषाणू सापडायलाच हवेत, असा निकष होता. ते सापडले नाहीत तर थंडीच्या साखळीवरच संशय घेतला जाई. ‘सापडले नाही’ या उत्तराचीच अशी परीक्षा घेतली जात होती, म्हणून १३ जानेवारी २०११ नंतर देशात रुग्ण नाही या दाव्यावर जगाने विश्वास ठेवला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकात, नमुना सदोष असूनही तपासला तर तो दोष अंतिम रिपोर्टमध्ये नमूद करावा, असे आधीच सांगितलेले आहे. माझी मागणी त्याच्या पुढची आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागाने या पावसाळ्यापासून शहरातल्या सर्व प्रयोगशाळांना, त्या मान्यताप्राप्त असोत वा नसोत, विषाणूच्या प्रत्येक पीसीआर रिपोर्टवर नमुना घेतल्याची खरी वेळ, प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ आणि डबा उघडताना आत किती तापमान होते ते छापायला सांगावे. डब्यात ठेवण्याचा तापमापक फार महाग नसतो आणि वाहून आणणाऱ्या मुलांना तो वाचायला शिकवण्यास एक दुपार पुरते. मी आणि माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त सहकारी ते शिकवायला विनामोबदला तयार आहोत. तोवर वाचकांनी घरी नमुना घ्यायला येणाऱ्याला डबा उघडून दाखवायला सांगावे आणि नळीवर वेळ आपल्यासमोर लिहून घ्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
दांडिया बाजार, बडोदे