वाचनालयाच्या नोंदी वाचवणाऱ्या ताईंना

ताई,
स.न.वि.वि.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं बिल चुकतं केलं, पावती फाइलला लागली, कार्यकारिणीत खर्चही मंजूर झाला. आभार तेवढे राहिले होते. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते नीट मानता आले नसते, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली, तेव्हा दुसरीकडे ‘फॉरमॅट मारू, नाहीतर नवीनच घ्या’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. तुम्ही फोनवरच बजावलंत, ‘आता चालू करून बघू नका, तसाच घेऊन या.’ डिस्क शेवटच्या घटका मोजत असताना ती जितकी फिरवावी तितकी आतला डेटा हाती लागायची आशा कमी होते, हे मला तुमच्याकडून कळलं. तुम्ही आधी डेटा उतरवून घेतलात आणि मगच दुरुस्तीचं बोललात. जुन्या डिस्कच्या जागी नवी एसएसडी (डेटा साठवायची, आत काही न फिरणारी डिस्क) घातलीत. सारखं मागे पडणारं घड्याळ सीआर२०३२ च्या बटणाएवढ्या सेलने ताळ्यावर आणलंत. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलेलं पाहिलं. तो हवेने गरगर फिरू द्यायचा नसतो म्हणे.

पण खरे आभार दाखल नोंदवहीसाठी, म्हणजे वाचनालयात आलेल्या पुस्तकांच्या एक्सेलमधल्या यादीसाठी.

विंडोज नव्याने टाकल्यावर तिची फाइल उघडली, तर पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांचा काला. आमच्या खजिनदारांनी तर ‘गेलं सगळं’ म्हणून टाकलं. तुम्ही एका चौकटीवर क्लिक केलंत, वर फाँटचं नाव वाचलंत आणि म्हणालात, ‘काही गेलेलं नाही. हे शिवाजी फाँटमध्ये टाइप केलंय, तो फाँट या मशीनवर नाही इतकंच.’ फाँट टाकला, आणि सगळी नावं जागच्या जागी!

तिथे थांबला असतात तरी तुमचं काम झालेलं होतं. पण जुन्या फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी ती अक्षरं इंग्रजीच राहतात, म्हणून शोध नीट लागत नाही आणि यादी क्रमाने लावता येत नाही, असं सांगून तुम्ही सगळ्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखतो त्या पद्धतीत, आणून दिल्यात. रूपांतरात ‘वर्ष’चं ‘वषर्’ आणि ‘चरित्र’चं ‘चिरत्र’ होतं, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घाला, हेही आधीच सांगितलंत. त्या दुरुस्त्या आम्ही करतो आहोत, संपायला आल्यात. लेखकांची यादी मात्र आता अकारविल्हे लागते. इतकी वर्षं ती इंग्रजी कळांच्या क्रमाने लागायची, आणि आम्हाला वाटायचं की एक्सेलला मराठी जमतच नाही.

विंडोज १० साठी मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, हे तुम्ही पैसे घेण्याआधी सांगितलंत. ‘नोंदींसाठी खुशाल वापरा, बँकेचं काम यावर नको,’ हा सल्ला आम्ही पाळतो आहोत. नवं मशीन आमच्या गळ्यात मारायची याहून चांगली संधी कुणाला मिळाली असती!

पडद्यावर ‘व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा’ असं दिसलं तर फोन करायचा नाही, ब्राउझर बंद करायचा. आणि फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं, हे तुम्ही सांगितलेलं आमच्या मदतनीस मुलीने जाड अक्षरांत लिहून मॉनिटरखाली चिकटवलंय. आता सभासदही ते वाचत उभे राहतात.

बॅकअपची एक प्रत वाचनालयात आणि एक अध्यक्षांच्या घरी, अशी सोय केली आहे. तुम्हाला सभासदत्व भेट द्यायचा ठराव पुढच्या सभेत ठेवतो आहे. अनामत नियमाप्रमाणे भरावी लागेल, तेवढं समजून घ्या.

आपला,
ग्रंथपाल