गुंतवळ आणि संत्र्याचा ताण

दारव्हा, जि. यवतमाळ
दि. 14 नोव्हेंबर 2025

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि कापूस वेचणीच्या धांदलीतही मी ते दोनदा वाचले. न्हाताना हातात केसांचा पुंजका येतो म्हणून तू न्हाणे लांबवतेस, फणी लावायला घाबरतेस आणि वजन उतरवण्यासाठी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया करून आपण चूक केली असे तुला रात्री वाटत राहते, हे वाचून जीव कळवळला, कारण दीड वर्षापूर्वी मीही अशीच आरशासमोरून तोंड फिरवत होते.

नागपंचमीनंतरच्या आठवड्यात तुझी शस्त्रक्रिया झाली, म्हणजे आता तीन महिने उलटले. माझी 2024 च्या संक्रांतीनंतर नागपूरला झाली आणि केस एप्रिलच्या अखेरीस गळू लागले. हा तीन महिन्यांचा हिशेब योगायोगाचा नाही. डोक्यावरच्या दर 100 केसांपैकी साधारण 90 केस वाढत असतात आणि थोडे विश्रांतीत असतात. पण मोठी शस्त्रक्रिया, अचानक कमी झालेला आहार आणि झपाट्याने उतरणारे वजन यांचा धक्का बसला की शरीर आधी जिवाला लागणाऱ्या अवयवांची काळजी घेते आणि पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीत जातात. ही विश्रांती सुमारे तीन महिन्यांची असते आणि ती संपली की जुना केस सुटतो. म्हणजे आज तुझ्या फणीत येणारा केस ऑगस्टमध्येच सुटायला निघाला होता. कालच्या न्हाण्याचा किंवा तेलाचा त्यात काही दोष नाही. या गळतीला डॉक्टर टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात.

तुझ्या घरी संत्र्याची बाग आहे, म्हणून तुला हे अधिक लवकर समजेल. आंबिया बहारासाठी तुम्ही झाडांचे पाणी तोडून ताण देता, तेव्हा पाने पिवळी पडून गळतात. नव्या माणसाला वाटते की बाग वाळली, पण मुळे शाबूत असतात आणि पाणी सोडल्यावर नवी पालवी फुटते. आपल्या केसांची मुळेही या गळतीत मरत नाहीत. मात्र ताण प्रमाणाबाहेर लांबला तर झाडच खचते, हेही तुला ठाऊक आहे, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे.

तू लिहितेस की घरात चालत नाही म्हणून अंडी बंद केलीस आणि दिवसभर भाताची पेज व चहा यांवर राहतेस. सखी, हे मात्र आजच थांबव. केस प्रथिनांचेच बनलेले असतात आणि मला आहारतज्ज्ञांनी दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने सांगितली होती. लहान झालेल्या पोटात ती आपोआप जात नाहीत, त्यासाठी प्रत्येक घासाचा विचार करावा लागतो. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम मिळतात. अंडी नकोत तर पनीर, घट्ट दही, तुरीचे घट्ट वरण, पिठले, भिजवून नीट शिजवलेल्या सोयाबीन वड्या घे. आपल्या शेतात पोत्यांनी सोयाबीन पिकते आणि आपल्या ताटात मात्र ते येत नाही, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले होते. ताटातला प्रथिनांचा पदार्थ आधी संपव, भाकरी नंतर. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने पी.

लोहाची गोळी चहासोबत घेऊ नकोस आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान दोन तास दूर ठेव, नाहीतर लोह अंगी लागत नाही. माझे हिमोग्लोबिन ठीक होते, तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फार खाली गेला होता. म्हणून फेरिटिन, बी-12, फोलेट, झिंक, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचार.

बाजारातल्या केसांच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम लिहिते. मी घाबरून कुणालाही न विचारता बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या. केसांत काही फरक पडला नाही, उलट थायरॉइडचा अहवाल चुकीचा आला आणि महिनाभर जिवाला घोर लागला. बायोटिनमुळे रक्ताचे काही अहवाल बिघडतात, हे मला नंतर कळले. गेल्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडले, आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, पथक तिथे आले आणि पुढे सेलेनियमच्या अतिरेकाची चर्चा झाली, ते तुला आठवत असेल. शरीराला अत्यल्प लागणारे सेलेनियम जास्त झाले तर त्यानेच केस जातात. अ जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिले तेवढेच घे.

न्हाणे थांबवू नकोस. सुटलेला केस आज नाही तर उद्या येणारच आणि साठवून आला की पुंजका मोठा दिसून जीव अधिक घाबरतो. ओले केस विंचरू नकोस, अंबाडा सैल बांध. मी वेणी खांद्यापर्यंत कापली. त्याने गळती थांबली नाही, पण गुंतवळ लहान दिसू लागली आणि मनाला उसंत मिळाली.

गावात बोलणारे बोलतात. वजन उतरले तेव्हा ज्या बायांनी कौतुक केले, त्यांनीच हळदीकुंकवाला माझ्या रुंद झालेल्या भांगाकडे पाहून आजार विचारला, आणि पुढे कित्येक दिवस मी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. रोजची गुंतवळ मी आईसारखी खुंटीवरच्या पिशवीत साठवत होते आणि संध्याकाळी केस मोजत होते. एक दिवस केसांवर भांडी देणारी बाई दारात आली, तिला ती पिशवी देऊन मी एक वाटी घेतली. त्या दिवसापासून मोजणे सुटले. आता त्याच वाटीने मी रोजचे वरण मोजून घेते.

माझी गळती दसऱ्याच्या सुमारास थांबली, म्हणजे पाच-साडेपाच महिने चालली. त्याआधीच कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिले होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून वेणी जाड दिसायला वेळ लागेल. मात्र गळती वर्षभर थांबली नाही, जागोजागी चकत्या पडल्या, टाळू लाल होऊन खाजू लागली किंवा उलट्यांमुळे अन्न टिकेनासे झाले, तर वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जा.

तुझी साखर उतरली, तू पुन्हा बागेच्या टोकापर्यंत चालत जातेस, हेही तुझ्याच पत्रात आहे. तपासण्या झाल्या की फेरिटिनचा आकडा मला कळव आणि संक्रांतीला दोन दिवस इकडे ये. तुझ्या केसांना मी स्वतः तेल लावून देईन.

तुझीच,
बालमैत्रीण