आमच्या नावातला ‘ळ’ : भारताच्या महानिबंधकांना खुले पत्र

माननीय महानिबंधक महोदय (देशाच्या जन्म-मृत्यू नोंदणीचे प्रमुख),
सविनय नमस्कार.

१९६९ साली, ज्या वर्षी देशात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला, त्याच वर्षी माझी आई लग्न होऊन इंदूरच्या मल्हारगंजात आली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे ताम्हणातल्या तांदळावर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. त्या दिवसापर्यंतची शाळेची सगळी कागदपत्रे माहेरच्या नावाने आणि त्यानंतरची, रेशनकार्डापासूनची सगळी, सासरच्या नावाने. पन्नास वर्षे कुणाला त्यात अडचण वाटली नाही. वडील गेले, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करायची वेळ आली आणि एका कार्यालयात आईला सांगण्यात आले की या दोन वेगळ्या बायका दिसतात.

त्यात आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. वडिलांच्या सर्व्हिस बुकात त्याचा ‘ल’ झालेला, आईच्या मतदार ओळखपत्रावर ऐकून लिहिणाऱ्याने ‘ड’ केलेला. वडिलांचे नाव ‘ज्ञ’ने सुरू होते. हिंदीत ते ‘ग्य’ ऐकू येते, म्हणून एका कागदावर इंग्रजी स्पेलिंग जी-वाय असे आणि दुसऱ्यावर आपल्या मराठी पद्धतीने डी-एन-वाय असे. समोर बसलेल्या बाबूंना सगळे कळत होते. ते चांगले गृहस्थ होते, आईला पाणीही त्यांनीच दिले. पण “सिस्टम घेत नाही” यापुढे ते जाऊ शकत नव्हते. सात महिने गेले, चार शपथपत्रे झाली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईने नोटरीसमोर उभे राहून आपण आपणच आहोत हे चार वेळा लिहून द्यायचे, हे मी शेजारी उभी राहून पाहिले आहे.

हे आपल्याला लिहिण्याचे कारण जन्म-मृत्यू नोंदणीच्या त्याच कायद्यातली २०२३ची दुरुस्ती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली आणि त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकासाठी शाळाप्रवेश, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार यादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार या सगळ्याला जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जाणार आहे. नोंदींचा राष्ट्रीय पातळीवरचा डेटाबेस आपल्या कार्यालयाकडे, राज्यांचे राज्यांकडे, आणि तो मतदार यादी, रेशनकार्ड, लोकसंख्या नोंदवही अशांच्या अधिकाऱ्यांना पुरवता येईल अशी तरतूदही आहे. मला ही दिशा योग्य वाटते, हे मनापासून सांगते. जन्म नोंदवला गेला की माणूस सरकारदरबारी जन्मतो, त्याआधी नाही. पण जोपर्यंत कागद वेगवेगळ्या कपाटांत होते तोपर्यंत एका कपाटातली चूक तिथेच राहत होती. आता कपाटे एकमेकांना जोडली जात आहेत. पहिल्या दिवशी ‘ळ’चा ‘ल’ झाला, तर तो ‘ल’ त्या मुलाबरोबर थेट पासपोर्टपर्यंत जाईल. आणि वाटेत एखाद्याने तो प्रेमाने सुधारलाच, तर मूल दोन ठिकाणी दोन माणसे होईल.

मी तीस वर्षे इंदूरात हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकवते. दाखिल-खारिज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या शाळेत येण्या-जाण्याची नोंदवही, माझ्या हाताखालून गेलेले आहे. मराठी घरातले मूल यायचे, वडील आडनाव सांगायचे, आणि मीही ते हिंदी वळणाने लिहून मोकळी व्हायचे, कारण इथे सगळे तसेच लिहितात. ज्यांनी हे शहर उभे केले त्या होळकरांचेही नाव इथल्या पाट्यांवर ‘होलकर’ असेच असते. त्या रजिस्टरात मी लिहिलेली अक्षरे पुढे दहावीच्या अंकसूचीत (गुणपत्रिकेत) गेली, तिथून नोकरीत. तेव्हा मला हे दिसले नाही. आज दिसते आहे.

यंत्राला ‘ळ’ येत नाही असे कुणी सांगितले तर ते खरे नाही. संगणकात सगळ्या लिप्या साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीतल्या देवनागरीत हे अक्षर सुरुवातीपासून आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर तर ‘ल’च्याच कळीवर शिफ्ट दाबले की ‘ळ’ उमटतो. अडचण बटणाची नाहीच. नाव कसे लिहायचे हे नोंदवणाऱ्याने ठरवायचे की ज्याचे नाव आहे त्याच्या घराने, एवढाच प्रश्न आहे. इंग्रजीत टाइप करून देवनागरी आपोआप उमटवली की मशीन प्रत्येक ‘एल’चा ‘ल’ करते, आणि घाईत असलेला माणूस ‘ठीक आहे’ दाबतो. म्हणून विनंती अशी, की जन्मनोंदीच्या अर्जात पालकांनी स्वतः लिहिलेले नाव मूळ मानावे, इंग्रजी स्पेलिंगही त्यांनाच विचारून घ्यावे, आणि पक्की नोंद होण्याआधी छापलेली प्रत आई-वडिलांना वाचायला द्यावी. बारशाआधी घाई करायची गरजही नाही. नावाशिवाय जन्म नोंदवून नाव नंतर घालण्याची सोय कायद्याच्या कलम १४ मध्ये आहेच. ती दवाखान्यातल्या खिडकीवर कुणी सांगत नाही.

राष्ट्रीय ओळखपत्राची चर्चा मधूनमधून निघते. नागरिकत्व कायद्यात त्याची तरतूद २००३च्या दुरुस्तीनेच झाली आहे. त्यानंतर आधार आले. पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या निमाडाला लागून असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी दिला गेला. आधार बारा आकडी, पॅन दहा अक्षरांचे, मध्य प्रदेशात राज्य सरकारचा ‘समग्र’ ओळख क्रमांक नऊ आकडी, शिवाय कुटुंबाचा वेगळा आठ आकडी. माझ्या आईजवळ हे सगळे आहे. माझे मत स्पष्ट आहे : आणखी एक कार्ड नको, आधी खालची नोंदवही नीट करा. कार्ड हा नोंदीचा फोटो असतो. मूळ चेहराच पुसट असेल तर फोटो कितीही चकचकीत काढून उपयोग नाही.

आणि आमच्यासारख्यांचे निदान एक अक्षर चुकते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई झाबुआकडच्या. त्यांचा धाकटा मुलगा बांधकामाच्या जागेवर, ताडपत्रीच्या खोलीत जन्मला, २०२३च्या डिसेंबरात. नोंदणीची एकवीस दिवसांची मुदत गेली, वर्षही गेले. आता उशिराच्या नोंदीसाठी जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागे, त्यापेक्षा हे बरे, पण रोजंदारी बुडवून त्या माउलीने तिथे किती वेळा जावे? हा मुलगा २०३०च्या सुमारास पहिलीच्या दारात उभा राहील. त्याच्या हातात दाखला नसेल तर माझ्या जागी बसलेली शिक्षिका काय करील? अशा मुलांसाठी वस्तीवर आणि बांधकामाच्या जागी जाऊन नोंदणी शिबिरे घ्यायला राज्यांना सांगावे, आणि आदेश तिथेच मिळावा.

चूक सुधारण्याचेही तसेच. नाव दुरुस्त झाले की त्या दुरुस्तीने स्वतः पुढच्या खात्यांपर्यंत जावे. आज माणूस एकच कागद घेऊन पाच खिडक्यांवर फिरतो. वॉर्डातल्या कार्यालयात झालेली दुरुस्ती सगळीकडे पोचते, असे झाले तर अर्ध्या शपथपत्रांची गरजच संपेल.

शेवटची गोष्ट आईच्या संदर्भातली. नोंदींमध्ये ‘पूर्वीचे नाव’ असा एक रकाना ठेवावा, आणि तो जुन्या नावाने झालेल्या नोंदीला जोडलेला असावा. लग्नात नाव बदललेल्या माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायका देशभर आहेत. त्यांची दोन्ही नावे खरी आहेत. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मामा देवासहून आला की अजून माहेरच्या नावानेच हाक मारतो, आणि ती आतल्या खोलीतून ओ देते.

आपली विश्वासू,
इंदूरची एक शिक्षिका